समोरच्याचे हावभाव आणि आपण: ‘आपला’ की ‘परका’ यावरून आपली प्रतिक्रिया कशी बदलते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

समोरचा हसला की आपणही हसतो आणि त्याचा चेहरा पडला की आपलाही थोडा पडतो, हे कुणाला सांगावं लागत नाही. पण समोरचा कोण आहे यावर त्यातलं किती ठरतं, याबद्दल मात्र बरेच गैरसमज आहेत. मानसशास्त्रात गेली चाळीसेक वर्षं यावर काम चालू आहे. वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचे भाव आपल्या चेहऱ्यावर खरंच उमटतात का, की ही नुसती म्हणायची गोष्ट?

खरंच उमटतात, आणि ते मोजता येतं. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या उल्फ डिम्बर्ग यांनी 1982 मध्ये यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी दोन स्नायूंवर लक्ष ठेवलं. एक गालातला, जो ओठांचे कोपरे वर ओढतो. दुसरा भुवयांमधला, जो कपाळाला आठी पाडतो. या स्नायूंवरच्या त्वचेला छोटे इलेक्ट्रोड चिकटवले की डोळ्यांना न दिसणारी हालचालही यंत्रावर उमटते. हसरा चेहरा दाखवला की गालाचा स्नायू जागा होतो, रागीट चेहरा दाखवला की भुवईचा. आणि हे होतं अर्ध्या सेकंदाच्या आसपास, म्हणजे आपण काही ठरवायच्या आधीच.

पुढे 2000 मध्ये डिम्बर्ग आणि सहकाऱ्यांनी हे चेहरे अवघे 30 मिलिसेकंद दाखवले आणि लगेच त्यांच्या जागी भावशून्य चेहरा आणला. बघणाऱ्यांना आपण हसरा किंवा रागीट चेहरा पाहिला हे कळलंही नाही, तरी स्नायूंनी दाद दिली.

अशा प्रयोगांत भाग घेणाऱ्यांना ‘चेहऱ्यावरचे भाव मोजतोय’ असं सहसा सांगत नाहीत, घाम मोजतोय वगैरे काहीतरी सांगतात. खरं सांगितलं तर माणूस चेहरा सांभाळायला लागतो. फोटो काढताना आपलं होतं तसंच.

म्हणजे आपला चेहरा आरसाच झाला की!

नाही. या विषयातली सगळ्यात चिवट चुकीची समजूत हीच आहे. आरसा समोर कोण आलंय ते बघत नाही, आपण बघतो.

पॅट्रिक बुर्जुआ आणि उर्सुला हेस यांचा 2008 चा अभ्यास इथे फार उपयोगी आहे. त्याच्या एका भागात बास्केटबॉल खेळणारे आणि न खेळणारे असे दोन गट होते. त्यांना चेहरे दाखवले आणि सोबत सांगितलं, हा बास्केटबॉल खेळतो, हा खेळत नाही. हसऱ्या चेहऱ्यावर दोन्ही गटांनी हसरी प्रतिक्रिया दिली, समोरचा आपल्यातला असो वा नसो. दुःखी चेहऱ्याला मात्र प्रतिसाद मिळाला तो आपल्या गटातल्यालाच. बाहेरच्याचा चेहरा कितीही पडलेला असला तरी बघणाऱ्याचा चेहरा जागचा हलला नाही. रागाची तर नक्कल झालीच नाही.

इथे वंश नव्हता, धर्म नव्हता, भाषा नव्हती. एका खेळाचा प्रश्न होता.

हसू सगळ्यांना आणि दुःख फक्त आपल्यांना, असं का?

उर्सुला हेस आणि अग्नेटा फिशर यांची मांडणी अशी: समोरच्याचा भाव आपल्या चेहऱ्यावर घेणं म्हणजे ‘मी तुझ्याबरोबर आहे’ असं न बोलता सांगणं. हसण्याला हसून उत्तर द्यायला काही लागत नाही. लिफ्टमध्ये अनोळखी माणूस हसला, आपण हसलो, आपापल्या मजल्यावर उतरलो, विषय संपला. दुःखाचं तसं नसतं. रडवेल्या माणसासमोर आपला चेहरा रडवेला झाला की पुढचा प्रश्न येतोच: काय झालं, काही मदत हवी का, थांबू का? दुःखात चेहरा मिसळणं म्हणजे थोडी जबाबदारी अंगावर घेणं, आणि ती माणूस बघूनच घेतली जाते.

रागाचं आणखी वेगळं. रागीट चेहरा माझ्याकडे बघत असेल तर माझ्या भुवया आकसणं ही नक्कल नसते, ते प्रत्युत्तर असतं. पण माझा माणूस तिसऱ्या कुणावर तरी चिडलाय असं दिसलं तर मात्र माझाही चेहरा त्याच्यासारखा होऊ शकतो. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत मागच्या रांगेत बसून बघा. खजिनदार डोळे वटारतो तेव्हा त्याच्या बाजूच्या लोकांच्या भुवया त्याच्याबरोबर आकसतात आणि समोरच्या बाजूच्या लोकांच्या त्याच्याविरुद्ध. लांबून दोन्ही आठ्या सारख्याच दिसतात.

परक्याच्या चेहऱ्यावर भीती दिसली तर आपल्यालाही भीती वाटते ना?

नेहमी नाही. नेदरलँड्समधल्या योब व्हान दर स्खाल्क आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या अभ्यासात आपल्या गटातल्या लोकांचा राग आणि भीती बघणाऱ्यांनी जास्त उचलली. बाहेरच्यांच्या रागाला उत्तर मिळालं ते भीतीचं, आणि बाहेरच्यांच्या भीतीला मिळाली नापसंती. नाक मुरडणं म्हणा हवं तर. आनंदाच्या बाबतीत मात्र आपला-परका असा फरक पडला नाही.

मॅक्स वाइसबुख आणि नलिनी अंबाडी यांनी 2008 मध्ये याहून टोचणारी गोष्ट दाखवली होती. परक्या गटातल्या माणसाच्या चेहऱ्यावर भीती दिसली की बघणाऱ्याच्या मनात आपोआप उमटणारी पहिली तरंग अनुकूल होती, आणि त्याच्या आनंदावर उमटणारी प्रतिकूल. लोकांनी विचारपूर्वक दिलेलं उत्तर हे नव्हतं. प्रतिसादाच्या वेगावरून पकडलेला कल होता. मात्र आनंदाच्या बाबतीत हा निष्कर्ष वरच्या अभ्यासांशी जुळत नाही हे लपवण्यात अर्थ नाही. चेहऱ्यावर उमटतं ते आणि मनात उमटतं ते या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाल हसतो, आत काहीतरी खुपतं. हे आपल्याला नवीन नाही, भाऊबंदकीच्या देशात तर नाहीच.

मग दुसऱ्याच्या फजितीवर येणारं हसू हेही यातलंच?

हो, आणि ते गालाच्या स्नायूवर पकडलं गेलंय. मीना चिकारा आणि सुझन फिस्क यांनी 2012 मध्ये लोकांना वेगवेगळ्या माणसांची चित्रं दाखवली आणि त्यांच्यासोबत काहीतरी छोटी दुर्घटना झाल्याचं सांगितलं. ज्या गटांचा हेवा वाटतो त्यातल्या माणसाची फजिती वाचताना गालाचा स्नायू हसण्याकडे झुकला. ज्येष्ठ नागरिकासारख्या, ज्यांची कणव येते अशा माणसांबद्दल तसं झालं नाही. म्हणजे परका असणं एवढंच पुरेसं नाही, परका आणि वरचढ असावा लागतो.

त्याच्या आदल्या वर्षी चिकारा, मॅथ्यू बॉटविनिक आणि फिस्क यांनी न्यूयॉर्क यांकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स या दोन बेसबॉल संघांचे कट्टर चाहते मेंदूच्या स्कॅनरमध्ये घेतले होते. प्रतिस्पर्धी संघ हरताना, अगदी तिसऱ्याच संघाकडून हरतानाही, सुखाशी जोडलेला मेंदूचा भाग उजळला. भारत-पाकिस्तान सामना चाळीत किंवा वसतिगृहात बसून पाहिलेल्या कुणालाही स्कॅनरची गरज नाही. पण त्या अभ्यासातली दुसरी बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रतिस्पर्ध्यांच्या अपयशावर ज्यांचा तो भाग जास्त उजळला, तेच लोक त्या संघाच्या चाहत्यांना शिव्या देणं, धक्काबुक्की करणं अशा गोष्टींची तयारीही जास्त दाखवत होते.

‘गट’ म्हणजे नेमकं काय? जात, धर्म, भाषा, की काहीही चालतं?

भीती वाटावी इतकं काहीही चालतं.

हेन्री ताजफेल आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या प्रयोगांत शाळकरी मुलांना पाउल क्ले आणि वासिली कांडिन्स्की या दोन चित्रकारांपैकी कुणाची चित्रं आवडतात यावरून गट पाडल्याचं सांगितलं. गट प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे पाडले होते. तरी पैसे वाटायची वेळ आली तेव्हा मुलांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं.

हीच युक्ती चेहऱ्यांना लावली ती स्टीव्हन यंग आणि कर्ट ह्यूगनबर्ग यांनी, 2010 मध्ये. नुसतं ‘हा तुझ्या गटातला’ असं लेबल लावलं तरी त्या चेहऱ्यावरचा भाव लोकांनी जास्त अचूक ओळखला. चेहरे तेच, भाव तेच, लेबल तेवढं बदललेलं. तेच चेहरे उलटे दाखवले की फायदा नाहीसा झाला. यावरून असं दिसतं की आपल्या माणसाचा चेहरा आपण एकसंध वाचतो. परक्याच्या चेहऱ्यावर तेवढी मेहनत घेत नाही.

लग्नात हे छान दिसतं. मुलाकडचे आणि मुलीकडचे ही विभागणी फार तर दोन दिवसांची. तरी ‘त्यांच्याकडच्या’ मामांच्या कपाळावरची आठी मानपानावरून आहे असं आपण गृहीत धरतो, आणि ‘आपल्याकडच्या’ काकांची आठी ऊन लागल्यामुळे असते.

आणि जात? आपल्याकडे सगळे एकसारखेच तर दिसतात.

वर सांगितलेले प्रयोग वंश, देश, संघ आणि बनावट गटांवरचे आहेत, जातीवरचे नाहीत. ते जसेच्या तसे उचलून इथे चिकटवणं बरोबर नाही. पण ‘एकसारखे दिसतात म्हणून फरक पडणार नाही’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. यंग आणि ह्यूगनबर्ग यांच्या प्रयोगातले चेहरेही एकसारखेच होते, काम लेबलाने केलं. आपल्याकडे ते लेबल आडनाव पुरवतं. भाड्याने घर बघायला गेलेल्या माणसाला ‘पूर्ण नाव काय म्हणालात?’ असं विचारलं जातं, तेव्हा घरमालकाच्या चेहऱ्यावरचं आधीचं हसू आणि नंतरचं हसू यांतला फरक ज्याला अनुभव आहे त्याला बरोबर कळतो.

भाव अगदी तोच असेल तरी माणूस बदलल्यावर तो वेगळा दिसू शकतो का?

दिसतो. यावरचा ह्यूगनबर्ग आणि गेलन बोडनहाउझेन यांचा 2003 चा प्रयोग जरा सविस्तर सांगतो, कारण तो समजला की बाकीचं आपोआप समजतं.

संगणकावर तयार केलेला एक चेहरा पडद्यावर येतो. भुवया खाली ओढलेल्या, जबडा आवळलेला, बघताक्षणी रागीट. मग तो सावकाश सैल व्हायला लागतो. आठी विरते, ओठ ढिले पडतात, शेवटी चेहरा हसरा होतो. बघणाऱ्याने एवढंच करायचं: राग गेला असं वाटलं की बटण दाबायचं. नंतर दुसरा चेहरा. हाडांची ठेवण तीच, बदलाचा वेग तोच, बदललाय फक्त त्वचेचा रंग आणि केस. एक गोरा अमेरिकन, एक कृष्णवर्णीय. बघणारे सगळे गोरे.

ज्यांच्या मनात नकळत पूर्वग्रह जास्त होता त्यांनी कृष्णवर्णीय चेहऱ्यावर बटण उशिरा दाबलं. राग ओसरला होता, त्यांच्या लेखी तो अजून तिथेच होता. हा पूर्वग्रह त्यांनी तोंडाने कबूल केलेला नव्हता. तो शब्द आणि चित्रं जुळवण्याच्या वेगावरून मोजलेला होता. ‘तुम्हाला पूर्वग्रह आहे का’ या थेट प्रश्नाच्या उत्तरांवरून बटणाचा अंदाज बांधता आला नाही.

पुढच्याच वर्षी या दोघा संशोधकांनी हे उलट करून पाहिलं. कुठल्या वंशाचा ते नीट सांगता येणार नाही असा चेहरा घेतला. तो रागीट असेल तेव्हा, पूर्वग्रह जास्त असलेल्यांनी त्याला कृष्णवर्णीय ठरवण्याकडे कल दाखवला. म्हणजे गटावरून भाव ठरतो आणि भावावरून गटही. रस्त्यावर कुणी आपल्याला आडवं जाऊन शिवी हासडली की ‘हे लोक असेच’ हे वाक्य किती पटकन ओठांवर येतं, आणि त्यातले ‘हे लोक’ कोण हे आपण त्या क्षणी कशावरून ठरवतो, तेही एकदा तपासून बघायला हरकत नाही.

शाळेत याचा परिणाम होतो का? मी शिक्षिका आहे.

अमेरिकेत एमी हॅल्बरश्टाट आणि सहकाऱ्यांनी शिक्षक होऊ घातलेल्या विद्यार्थ्यांना लहान मुलांचे चेहरे दाखवले. कृष्णवर्णीय मुलं रागावलेली नसतानाही ती रागावली आहेत असं त्यांनी गोऱ्या मुलांपेक्षा जास्त वेळा सांगितलं. मुलगे असोत वा मुली, दोघांच्याही बाबतीत. हा अभ्यास 2020 मध्ये आला.

‘तोंड वर करून बघतोस काय’ हे वाक्य वर्गात आपण कुणाला म्हणतो आणि तसंच बघणाऱ्या कुणाला म्हणत नाही, याची आठवडाभर नोंद ठेवा. शिक्षा देण्याआधी ‘काय झालं?’ असं विचारायला दहा सेकंद लागतात. चेहरा वाचण्यापेक्षा विचारणं केव्हाही जास्त भरवशाचं.

परक्यांचे भाव आपल्याला ओळखता येत नाहीत की ओळखायचे नसतात?

दोन्ही, आणि कुठलं किती यावर जोरदार वाद आहे.

हिलरी एल्फेनबाइन आणि नलिनी अंबाडी यांनी 2002 मध्ये तोवरचे अभ्यास एकत्र करून दाखवलं की मूळ भाव जगभर बऱ्यापैकी ओळखले जातात, पण आपल्या संस्कृतीतल्या माणसांचे थोडे जास्त अचूक. एल्फेनबाइन यांच्या मते चेहऱ्यालाही बोली असतात. कॅनडातला क्युबेक प्रांत आणि आफ्रिकेतला गॅबॉन देश इथल्या लोकांनी तोच भाव दाखवताना स्नायू थोडे वेगळे वापरले, असं त्यांना 2007 मध्ये आढळलं. अॅबिगेल मार्श यांनी एल्फेनबाइन आणि अंबाडी यांच्यासोबत 2003 मध्ये जपानी आणि जपानी वंशाच्या अमेरिकन लोकांचे फोटो वापरले. चेहरे निर्विकार असताना कोण कुठला ते ओळखणं कठीण गेलं, भाव आल्यावर सोपं झालं.

डेव्हिड मात्सुमोटो यांचा आक्षेप असा की दोन्ही गटांनी अगदी एकच हालचाल केली आहे याची खात्री नसेल तर ‘आपल्यांचं आपल्याला जास्त कळतं’ असं म्हणताच येणार नाही. आक्षेप रास्त आहे. पण माझ्या मते प्रत्यक्ष आयुष्यात कुणी मोजूनमापून सारखी हालचाल करतच नाही, त्यामुळे बोलीवाल्यांचं पारडं थोडं जड आहे.

आपल्या देशातलं उदाहरणही आहे. चूक लक्षात आली की आपण पटकन जीभ चावतो. जोनाथन हाइट आणि डॅकर केल्टनर यांनी 1999 मध्ये ही मुद्रा भुवनेश्वरमध्ये आणि अमेरिकेत दाखवली. ओडिशातल्या लोकांनी ती लाज म्हणून लगेच ओळखली, अमेरिकनांना तिचा पत्ता लागला नाही. उलट अहल्या हेजमाडी यांनी नाट्यशास्त्राच्या परंपरेतले भाव करून दाखवले, तेव्हा 2000 च्या त्या अभ्यासात भारतीय आणि अमेरिकन दोघांनीही त्यातले बहुतेक चांगले ओळखले. सगळंच परकं नसतं आणि सगळंच समानही नसतं.

दुसऱ्याच्या वेदनेबद्दल मेंदू काय सांगतो? परदेशात राहिल्यावर काही बदलतं का?

पेकिंग विद्यापीठातल्या शिहुई हान यांच्या गटाचा 2009 चा प्रयोग: चिनी आणि गोऱ्या लोकांना चित्रफिती दाखवल्या. कुणाच्या गालाला सुई टोचतेय, कुणाच्या गालाला कापसाचा बोळा लागतोय. सुई आपल्या वंशाच्या गालात गेली तेव्हा वेदनेशी संबंधित मेंदूचा भाग जास्त उजळला, दुसऱ्या वंशाच्या गालात गेली तेव्हा कमी. ‘किती दुखलं असेल?’ असं विचारल्यावर मात्र लोकांनी दोघांनाही सारखेच गुण दिले. तोंडी उत्तर समतेचं आणि मेंदूची नोंद वेगळी.

दुसऱ्या भागाचं उत्तर: हो, बदलतं. पाश्चात्त्य देशांत लहानाचे मोठे झालेल्या चिनी तरुणांमध्ये हा फरक जवळपास दिसला नाही. ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या चिनी विद्यार्थ्यांच्या 2015 च्या अभ्यासात, ज्यांचा रोजच्या जगण्यात इतर वंशाच्या लोकांशी जास्त संबंध येत होता त्यांचा मेंदू त्या इतर वंशाच्या लोकांच्या वेदनेला जास्त प्रतिसाद देत होता. जिवलग मैत्रीच लागते असं नाही, रोजचं दिसणंही चालतं. मेलबर्नला जाऊन फक्त मराठी मंडळातच उठबस ठेवली तर अर्थात तेवढाच फरक पडेल.

परदेशात वर्षानुवर्षं न राहता, लवकर बदल होऊ शकतो का?

होतो, निदान प्रयोगशाळेत. फेंग शेंग आणि शिहुई हान यांनी 2012 मध्ये दोन उपाय करून पाहिले. एक: समोरच्या प्रत्येक चेहऱ्याला किती दुखतंय याकडे नीट लक्ष द्यायला सांगितलं. दोन: दुसऱ्या वंशाच्या काहींना स्पर्धेसाठी आपल्याच संघात घेतलं. दोन्हींनी मेंदूतली तफावत कमी झाली. लेबल पुसायला लागत नाही, वर नवं चिकटवलं तरी चालतं. हा परिणाम महिनाभर टिकतो असं मात्र यावरून कुणी समजू नये.

नेत्यांचे चेहरे बघताना काय होतं?

1985 मध्ये ग्रेगरी मॅकह्यूगो आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्या चित्रफिती समर्थकांना आणि विरोधकांना दाखवल्या. काय वाटलं असं विचारल्यावर उत्तरं आपापल्या पक्षाप्रमाणे आली. चेहऱ्याचे स्नायू मात्र दोन्ही बाजूंचे रेगन हसले की हसण्याकडे झुकत होते. बुर्जुआ आणि हेस यांच्या 2008 च्या अभ्यासाच्या दुसऱ्या भागातही, जो बास्केटबॉलवर नव्हे तर नेत्यांवर होता, नेत्याचं हसू सगळ्यांनी घेतलं, राग फक्त त्याच्या बाजूच्यांनी. टीव्हीवर न आवडणारा नेता हसला आणि आपलाही गाल हलला तर लगेच पक्ष बदलल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही.

हे निष्कर्ष कितपत पक्के आहेत?

हसऱ्या चेहऱ्याला हसरी प्रतिक्रिया, आणि आपल्यांना जास्त प्रतिसाद, हा एकूण कल पक्का. बारीक तपशील अभ्यासागणिक हलतात, कारण परिणाम लहान असतात आणि जुन्या अभ्यासांत माणसं थोडी असत. दातांत पेन धरून हसरा चेहरा केला की व्यंगचित्र जास्त गमतीदार वाटतं हा 1988 चा गाजलेला निष्कर्ष 2016 मध्ये 17 प्रयोगशाळांनी पुन्हा तपासला तेव्हा सापडला नाही. त्यामुळे ‘अमुक स्नायू हलवा, सहानुभूती वाढवा’ असं विकणाऱ्या कार्यशाळांपासून खिसा सांभाळा.

मग चेहऱ्यावरचे भाव ओळखण्याचं काम संगणकावर सोपवलं तर? त्याला कुठे आपला-परका असतो?

त्याला शिकवणाऱ्या माणसांना असतो. लॉरेन ऱ्यू यांनी 2018 मध्ये अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल खेळाडूंचे फोटो चेहऱ्यावरून भाव ओळखणाऱ्या दोन व्यावसायिक संगणक प्रणालींना दिले. कृष्णवर्णीय खेळाडूंना त्या प्रणालींनी जास्त नकारात्मक भाव चिकटवले. एकीने त्यांना जास्त रागीट ठरवलं, गोऱ्या खेळाडूंइतकंच हसत असतानाही. मायक्रोसॉफ्टने 2022 मध्ये चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची आपली सेवा मागे घेत असल्याचं जाहीर केलं. युरोपीय संघाच्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यानुसार कामाच्या ठिकाणी आणि शिक्षणसंस्थांत अशा प्रणाली वापरायला फेब्रुवारी 2025 पासून बंदी आहे, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं वगळून. नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीत कॅमेऱ्यातून तुमचे ‘भाव तपासले जातील’ असं कुणी सांगितलं, तर ते कशावरून तपासणार आणि निकालावर दाद कुठे मागायची, हे आधी लेखी विचारून घ्या.